हुमणीचे वर्ष : होलोट्रिकिया भुंगेऱ्यांच्या ओळखीची प्रस्तावना

सप्टेंबरात उसाच्या फडात मध्येच एखादा पट्टा पिवळा दिसू लागतो. पाण्याचा ताण बसला असेल, असे आधी वाटते. पाणी देऊनही पाने हिरवी होत नाहीत, तेव्हा शेतकरी बेट धरून ओढतो आणि ते मुळांवाचून सहज हातात येते. खालच्या मातीत पांढरट, जाड, अर्धवर्तुळात वळलेली अळी पडलेली असते. ऊस, भुईमूग, सोयाबीन, हळद किंवा आले पिकवणाऱ्या कोणाही मराठी शेतकऱ्याला ही हुमणी आहे हे शिकवावे लागत नाही. तरीही तिच्यावर एक ओळखपुस्तक हवे, असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण आपली तिची ओळख होते ती ती मुळे खाऊन संपवत आली असताना. हाच किडा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर हाताच्या अंतरावर लटकत होता, आणि तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. या पुस्तकाचा सगळा रोख सप्टेंबरातली ती ओळख जूनमध्ये आणण्यावर आहे.

होलोट्रिकिया हा स्कॅराबिडी कुलातल्या मेलोलोन्थिनी या उपकुलाचा वंश. शेणाचे गोळे करणारे भुंगेरे याच कुलातले, नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगाही याच कुलातला. पण मेलोलोन्थिनींचे वळण वेगळे. यांचे प्रौढ झाडांचा पाला खातात आणि यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळांवर जगतात. एकाच किड्याचे अर्धे आयुष्य झाडावर आणि अर्धे मातीत असे म्हणावे, तर तेही बरोबर नाही: झाडावर तो वर्षातल्या थोड्याशा रात्रीच घालवतो, बाकी सगळे वर्ष मातीखाली जाते.

आपल्याकडची मुख्य जात होलोट्रिकिया सेराटा. लिनिअसचा शिष्य, डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने 1781 साली तिचे वर्णन केले, म्हणजे पेशवाईच्या काळात. होलोट्रिकिया हा वंश इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक विल्यम होप याने 1837 मध्ये वेगळा काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या संग्रहालयात ब्लांशार याने राजस्थान-गुजरातेत भुईमुगाचा कर्दनकाळ ठरलेल्या होलोट्रिकिया कॉन्सँग्विनियाचे आणि दक्षिणेकडे आढळणाऱ्या होलोट्रिकिया रेनॉडीचे वर्णन केले, आणि शतकाच्या अखेरीस ब्रेन्स्के या जर्मन अभ्यासकाने आशियातल्या जातींची मोठी भर घातली. त्याने नाव दिलेली होलोट्रिकिया फिस्सा आज महाराष्ट्रातल्या उसात सेराटाच्या जोडीने नोंदली जाते.

हा सगळा इतिहास परदेशी संग्रहालयांत घडला, आणि त्यातच एक पोकळी राहून गेली. भारतातल्या भुंगेऱ्यांवरचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले गिल्बर्ट अ‍ॅरो यांचे खंड. 1910 साली फुलांवरचे भुंगेरे आणि गेंडे भुंगे, 1917 साली चकचकीत रुटेलिनी, 1931 साली शेणकिडे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1950 साली सांबरशिंगी भुंगेरे. मेलोलोन्थिनींचा खंड या मालेत कधी आलाच नाही. भारतीय शेतीचे सर्वाधिक नुकसान करणारे उपकुलच त्या भव्य ग्रंथमालेतून सुटले. शेणकिडा ओळखायचा असेल तर आजही अ‍ॅरोचा खंड उघडता येतो. हुमणीचा भुंगेरा ओळखायचा असेल तर विखुरलेले शोधनिबंध, जुनी जर्मन वर्णने आणि संग्रहालयातले नमुने यांच्यात शोध घ्यावा लागतो. कृषी विद्यापीठांतल्या आणि जयपूरजवळच्या दुर्गापुरा इथून चालणाऱ्या अखिल भारतीय हुमणी संशोधन प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत ही वाट पुष्कळ सोपी केली; तरी ते ज्ञान मराठीत, बांधावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत फार थोडे पोचले आहे.

वंशाच्या सीमाही अजून हलत आहेत. होलोट्रिकिया या नावाखाली एके काळी इतके तपकिरी, काळसर भुंगेरे गोळा झाले होते की त्यांतले काही एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत असे अलीकडे दिसून आले. चीन, कोरिया आणि जपानमधली प्रसिद्ध होलोट्रिकिया पॅरालेला आता पेडिनोट्रिकिया या वंशात धरली जाते. वाचकाने यामुळे गोंधळून जाऊ नये. नाव बदलले तरी किडा तोच राहतो, आणि जुन्या नावाने झालेल्या नोंदी तितक्याच कामाच्या असतात.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे येतो. प्रौढ सेराटा दोन सेंटीमीटरच्या आसपास किंवा थोडी मोठी, लालसर तपकिरी ते गडद तपकिरी, जाडजूड बांध्याची. दिव्याखाली पडलेल्या भुंगेऱ्यांतून ती वेगळी काढताना मी आधी शृंगिका पाहतो. होलोट्रिकियात शृंगिकेचे दहा खंड असतात आणि टोकाचे तीन खंड पानांसारखे चपटे होऊन एकावर एक मिटतात. नरात ही पाने लांब, मादीत आखूड. मग छातीच्या ढालीची बाजूची कडा पाहावी: सेराटात ती दातेरी असते आणि साध्या भिंगातूनही हे दाते दिसतात. पायाच्या टोकाला दोन नख्या, प्रत्येक नखीच्या मध्यावर एक दात. पुढच्या पंखांवर, म्हणजे पंखकवचांवर, फिकट उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा. एवढे पाहिले की वंश बहुधा पक्का होतो. जात पक्की करायला मात्र नराच्या जननेंद्रियाचा आकार पाहावा लागतो, कारण रंग आणि आकार यांवर भिस्त ठेवली तर सेराटा आणि तिच्या जवळच्या जाती हमखास एकमेकींत मिसळतात. ही चिरफाड अवघड नाही. मेलेला भुंगेरा गरम पाण्यात मऊ करून सुईने ते इंद्रिय बाहेर ओढता येते, आणि कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे एका दुपारी शिकता येते. पुस्तकातल्या बऱ्याचशा आकृत्या याच भागाच्या आहेत.

अळीची ओळख याहून अवघड, आणि मराठी शेतात तिचीच गरज जास्त. उकिरड्यात किंवा शेणखताच्या ढिगात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी समजून खत फेकून दिलेले मी पाहिले आहे. शेणखतात बहुतेक वेळा गेंड्या भुंग्याच्या किंवा फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात. त्या कुजणारे सेंद्रिय पदार्थ खातात, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाहीत. त्यांना वेगळे काढण्याची एक सोपी कसोटी आहे: अळी सपाट, कठीण जागेवर ठेवावी. फुलांवरच्या भुंगेऱ्यांची अळी पाठीवर उलटी होऊन पाय वर करून सरपटते. हुमणी तसे कधी करत नाही. गेंड्या भुंग्याची अळी पाठीवर चालत नाही, पण पूर्ण वाढलेली असेल तर ती हुमणीपेक्षा कितीतरी मोठी असते. शंका उरलीच तर अळीचे मागचे टोक भिंगातून पाहावे. हुमणीचे गुदद्वार तीन टोकांच्या फटीचे असते, गेंड्या भुंग्याच्या आणि फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांत ती फट आडवी असते. त्या फटीपुढे पोटाच्या बाजूला बारीक काट्यांची नक्षी असते, आणि तिच्या मांडणीवरून अळीचा वंश, कधी कधी जातही, सांगता येते. दहापट भिंग, थोडा उजेड आणि स्थिर हात एवढेच लागते. मातीने माखलेले टोक आधी पाण्याने धुऊन घ्यावे, नाहीतर चिकटलेला मातीचा कणही काटा वाटतो.

अळीचे वय कळणे हे जात कळण्याइतकेच मोलाचे आहे. हुमणी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. अंग खाण्याप्रमाणे जाड-बारीक होत राहते, म्हणून लांबीवरून अंदाज चुकतो. डोक्याचे तपकिरी कवच मात्र कात टाकतानाच मोठे होते आणि पुढची कात टाकेपर्यंत त्याच रुंदीचे राहते. म्हणून अवस्था डोक्याच्या रुंदीवरून ठरवावी.

या किड्याचे वर्ष समजून घेतले की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. मे महिन्यात जमीन तापून कडक झालेली असते, आणि तिच्या आत बरेच खाली पूर्ण वाढलेला भुंगेरा मातीच्या छोट्या खोलीत गप्प बसलेला असतो. तो कोषातून केव्हाच बाहेर आलेला आहे; पंख आहेत, शृंगिका आहेत, सगळे तयार आहे, पण तो हलत नाही. रोहिणीत किंवा मृगात वळवाचा जोरदार पाऊस झाला, ओल खोलवर उतरली, की तो माती उकरत वर येतो. दिवस मावळल्यावर, अंधार पडू लागताना, जमिनीतून भुंगेरे एकामागून एक उडू लागतात आणि जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. काही वेळात पाल्यावर जोड्या दिसतात. मादी फांदीला धरून असते आणि नर तिला जोडलेल्या अवस्थेत लटकत राहतो. रात्रभर पाला खाणे चालते. पहाटेपूर्वी सगळे पुन्हा जमिनीत जातात. म्हणून सकाळी झाडाखाली उभ्या राहणाऱ्याला चाळणी झालेली पाने दिसतात, भुंगेरा दिसत नाही.

मादी ओलसर मातीत एकेक करून अंडी घालते. ताजे अंडे लांबट असते. ओल शोषून ते फुगते आणि साबुदाण्याच्या दाण्यासारखे गोल, पांढरे होते. साधारण पंधरवड्याच्या आत अळी बाहेर येते. पहिल्या अवस्थेत ती सेंद्रिय पदार्थ आणि कोवळी, केसासारखी मुळे खाते, आणि वरून पिकावर काहीही दिसत नाही. हे दिवस जून अखेर ते जुलैचे असतात. दुसऱ्या अवस्थेत ती मुळांवर येते. तिसरी अवस्था ऑगस्टपासून सुरू होते आणि कित्येक महिने चालते. पिकाचे जवळजवळ सगळे नुकसान या अवस्थेत होते. म्हणून सप्टेंबरात सापडलेली अळी ही वर्षाच्या मध्यावर पोचलेली, सर्वांत मोठी, सर्वांत जाड कातडीची आणि कशालाही सहज दाद न देणारी अळी असते. पाऊस ओसरला, थंडी आली की ती खाणे थांबवून खाली जाते, मातीची खोली करते आणि तिथे कोष होते. दोन-तीन आठवड्यांत कोषातून भुंगेरा तयार होतो आणि पुढच्या वळवाची वाट पाहत तिथेच राहतो.

खोडव्यामागून खोडवा घेतलेल्या जमिनीत हुमणी का वाढते, हे यातच आहे. नांगर खोल गेलाच नाही, तर खाली बसलेला कोष आणि भुंगेरा वर्षानुवर्षे सुरक्षित राहतो. पीक निघाल्याबरोबर केलेली खोल नांगरट त्याला उघड्यावर आणते, आणि मग बाकीचे काम ऊन, कावळे, साळुंक्या आणि गायबगळे करतात.

इथपर्यंत सांगितले ते सेराटाचे, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत माळावरच्या हुमणीचे. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी पुराच्या गाळाच्या जमिनीत आढळणारी नदीकाठची हुमणी वेगळ्याच वंशातली आहे: ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. तिच्या भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक खवले असतात आणि आकारानेही तो मोठा असतो. वागणेही निराळे. दिवेलागणीला तो थोडा वेळ उडतो, जोडी जुळते, आणि तो परत जमिनीत जातो. कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमण्याची त्याला गरज भासत नाही. सेराटासाठी सांगितलेला उपाय, म्हणजे संध्याकाळी झाडाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, नदीकाठच्या गावाने मनापासून केला तरी हाती भलताच भुंगेरा लागतो आणि खरा शत्रू मातीत सुखरूप राहतो. त्याला दिवेलागणीच्या त्या थोड्या वेळातच, उडताना आणि जमिनीलगत गाठावे लागते. ओळख चुकली की मेहनत वाया जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. या पुस्तकातल्या ओळखीच्या किल्लीत पहिला फाटा म्हणूनच या दोन हुमणींमधला ठेवला आहे.

या भुंगेऱ्यांना एकमेकांचा पत्ता वासाने लागतो. कॉन्सँग्विनियाची मादी पोटाच्या टोकातून एक पिशवी बाहेर फुगवते आणि तिच्यातून मिथॉक्सीबेंझीन हा रसायनगंध सोडते. 1990 च्या दशकात हे उलगडल्यावर राजस्थानात तो द्रव भिजवलेल्या स्पंजावर घेऊन निवडक झाडांना टांगण्याची पद्धत निघाली. विखुरलेले भुंगेरे ठरलेल्या झाडांवर गोळा होतात आणि तिथेच त्यांचा बंदोबस्त करता येतो. रेनॉडीतही हाच गंध काम करतो, पण तिच्यात इंडोल नावाचा दुसरा घटकही सापडला. एकीच्या गंधावर दुसरी येईलच असे गृहीत धरता येत नाही, आणि पुन्हा आपण ओळखीपाशीच येऊन थांबतो. या सगळ्या नात्यागोत्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पूर्व आशियातली पॅरालेला. तिचे भुंगेरे एक रात्र सोडून एक रात्र जमिनीवर येतात. बहुतेक प्राण्यांच्या शरीरातले घड्याळ चोवीस तासांच्या आसपास फिरते. पॅरालेलाचे घड्याळ अठ्ठेचाळीस तासांचे आहे, आणि असा ताल प्राणिजगतात फार दुर्मीळ आहे. पिकावरची कीड म्हणून ज्याची दखल घेतली जाते, त्या भुंगेऱ्याने काळ मोजण्याच्या जीवशास्त्राला असा मोठा प्रश्न घालून दिला आहे.

हुमणीचे शत्रूही मातीत आहेत. स्कोलिइडी कुलातली गांधीलमाशी माती उकरत अळीपर्यंत जाते, तिला डंख मारून बधिर करते आणि तिच्या अंगावर अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळीवरच वाढते. ऑगस्टमध्ये शेतावर जमिनीलगत घिरट्या घालणाऱ्या या काळ्या, केसाळ गांधीलमाश्यांना पाहून काठी उगारू नये. दिव्याखाली पडलेले भुंगेरे पिंगळा टिपतो, रानडुकरे शेत उकरतात ती अनेकदा याच अळ्यांसाठी. पण सर्वांत मोठा मित्र डोळ्यांना सहसा दिसत नाही. 1879 साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांचा अभ्यास करत होता. तो भुंगेरा अ‍ॅनिसोप्लिया, म्हणजे हुमणीच्याच कुलातला. अळ्यांवर त्याला एक हिरवी बुरशी सापडली, आणि ती वाढवून शेतात किडीविरुद्ध वापरता येईल हे त्याने ओळखले. तीच मेटारायझियम. पुढे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी 1908 मध्ये त्याला नोबेल मिळाले, पण आज उसाच्या सरीत शेणखतात मिसळून टाकल्या जाणाऱ्या बुरशीचा पहिला धागा त्याच्या हातून निघाला होता. कोइमतूरजवळ उसाच्या शेतातच सापडलेला आणि 1992 मध्ये नाव मिळालेला हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमीही अळीच्या शरीरात शिरतो आणि आपल्याबरोबर आणलेल्या जिवाणूंच्या साहाय्याने तिला मारतो.

बुरशी असो वा सूत्रकृमी, दोघांना ओल लागते आणि कोवळी अळी लागते. म्हणजे जुलै. सप्टेंबरात जाड अळीवर त्यांचा हवा तसा परिणाम दिसला नाही म्हणून त्यांना निकामी ठरवणे हा अन्याय आहे. विषारी भुकट्यांचेही तेच झाले. बीएचसीची पोती सरीत ओतण्याचे दिवस 1997 मध्ये बंदी आल्यावर संपले. फोरेट 2020 अखेर बंद झाले. दोन्हींचा मोठा भाग चुकीच्या महिन्यात, चुकीच्या खोलीवर गेला. पाण्यात, विहिरीत आणि शेतमजुरांच्या हातांवर मात्र तो राहिला. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण यातले बरेचसे वेळेवर किडा ओळखून टळले असते.

एकट्या शेतकऱ्याने जूनमध्ये आपली झाडे हलवून फारसे साधत नाही, हेही इथे सांगायला हवे. भुंगेरा बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरून तो पहाटेपूर्वी खाली येतो आणि कुणाच्याही शेतात शिरतो. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या संध्याकाळी सगळ्या शिवारातल्या झाडांखाली माणसे उभी राहिली तरच मोजता येईल असा फरक पडतो. शाळेची मुले, दूध संस्थेवर जमणारी माणसे, कारखान्याचे शेती खाते, सगळ्यांना पावसानंतरच्या या आठवड्याची तारीख कळवावी, अशी माझी इच्छा आहे.

ओळख पक्की करण्यासाठी नमुने जपावे लागतात, म्हणून शेवटी त्याबद्दल थोडे. भुंगेरा कापसावर ठेवून सावलीत वाळवावा, ओला असताना डबीत बंद करू नये. अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. आधी तिला काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावे आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावे. काट्यांची नक्षी मग वर्षानुवर्षे स्वच्छ दिसते. अळीवरून जात ठरत नसेल तर तिला मातीच्या कुंडीत, एकटीला, गवताची किंवा ज्वारीची मुळे देत वाढवावे. दोन अळ्या एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना चावतात. प्रत्येक नमुन्याबरोबर कागदाचा तुकडा हवा आणि त्यावर पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. गाव, तालुका, तारीख, पीक, जमीन माळाची की नदीकाठची. भुंगेरा असेल तर तो कोणत्या झाडावर, किती वाजता दिसला आणि त्याआधी पाऊस केव्हा पडला, हेही. ‘शेतात सापडला’ एवढेच लिहिलेल्या नमुन्यापासून पुढे काहीच शोधता येत नाही. ‘वळवानंतर दुसरी संध्याकाळ, सव्वासात, बांधावरची बाभूळ, नर’ असे लिहिलेला साधा तपकिरी भुंगेरा त्या शिवारातल्या हुमणीचे पुढचे सगळे वर्ष आखून देतो.